खालच्या बाजूची हवा

शर्यत कोण जिंकलं हे सरांना बहुतेक वेळा माहीत नसे. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर मोटारींची शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेली असायची, दोनदा चहा झालेला असायचा, आणि सोमवारी सकाळी जिन्यात भेटल्यावर निकाल विचारला तर ते म्हणत, "ते तुमच्या पेपरात आलं असेल ना? मी पाचव्या गाडीकडे बघत होतो."

पाचवीच असं नाही. कधी सातवी, कधी नववी. जी गाडी पुढच्या गाडीच्या मागे चिकटून धावते आहे ती बघायची, असा त्यांचा नियम होता. पहिल्या गाडीला स्वच्छ हवा मिळते, तिच्यात बघण्यासारखं काही नसतं. मागच्या गाडीला पुढचीने घुसळून टाकलेली हवा मिळते. सरळ रस्त्यावर ती हवा मदत करते, कारण समोरचा अडथळा कमी होतो. वळणावर तीच हवा दगा देते, कारण गाडीच्या नाकाशी बसवलेल्या पंखाला नीट हवा मिळत नाही आणि गाडीचं तोंड वळेनासं होतं. हा सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांत घडतो. ते तेवढाच तुकडा मोबाइलवर पुन्हा पुन्हा लावून बघत, आणि शर्यत दुसरंच कुणीतरी जिंकलेलं असे.

डोंबिवली पूर्वेच्या एका तीन मजली सोसायटीत तळमजल्यावर त्यांचा क्लास होता, पहिल्या मजल्यावर घर, आणि दुसऱ्या मजल्यावरचा त्यांचाच एक लहान फ्लॅट माझ्याकडे भाड्याने होता. मी ठाण्याच्या एका वर्तमानपत्रात बातमीदार होतो. घरमालक म्हणून ते उत्तम होते, कारण घरमालक असल्याचं त्यांच्या लक्षात राहत नसे. आधी ते कल्याणच्या बाजूला एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. ती नोकरी मुदतीआधी सोडून त्यांनी क्लास काढला, तोही एकाच विषयाचा: द्रवपदार्थ आणि हवा कशी वाहते याचा. त्या विषयात नापास होऊन केटी लागलेली मुलं त्यांच्याकडे येत. मुलं त्यांना सर म्हणत, म्हणून सोसायटीही सर म्हणे, आणि काही महिन्यांनी मीही म्हणू लागलो. काकू, म्हणजे त्यांची बायको, तेवढी 'अहो' म्हणत, आणि तेही बहुधा काहीतरी थांबवण्यासाठी.

थांबवण्यासारखं बरंच असे. काकूंच्या विणकामातून उरलेल्या लोकरीचे बोटभर तुकडे करून ते चिकटपट्टीने दिसेल त्या वस्तूवर लावत. टेबलफॅनच्या जाळीवर, गॅलरीच्या कठड्यावर, स्वतःच्या हेल्मेटवर, सेक्रेटरींच्या उभ्या स्कूटरवर. हवा गुळगुळीत वाहत असेल तर धागा पृष्ठभागाला चिकटून सरळ राहतो, ती सुटली की धागा फडफडतो. याहून स्वस्त यंत्र जगात नाही, असं ते सांगत. नव्याने राहायला आलेल्या एका कुटुंबाला तो कसला तरी नवस वाटला होता. त्यांनी दबकत काकूंना विचारलं की आम्हीही बांधायचे का. काकू म्हणाल्या, "बांधा, पण सुटत नाही हो ते एकदा लागलं की." लोकर की नवरा, हे त्यांनी सांगितलं नाही.

गाडी त्यांना चालवता येत नव्हती. लायसन्स नव्हतं, काढायची इच्छाही नव्हती. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्याकडे जातं, असं ते म्हणत.

क्लासमध्ये पहिल्या तासाचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं: विमानाचा पंख उलटा केला की शर्यतीच्या गाडीचा पंख होतो. विमानाला वर उचलायचं असतं, गाडीला खाली दाबायचं. डाउनफोर्स हा शब्द फळ्यावर लिहून ते लगेच पुसत आणि 'दाब' लिहीत. वजन न वाढवता टायरवर भार वाढवायचा, एवढंच ते प्रकरण. गाडी खरोखर जड केली तर वळताना तेच वजन तिला बाहेर फेकतं. हवेचा दाब टायरला रस्त्यावर रेटतो, पण बाहेर फेकत नाही. बदल्यात हवा समोरून अडवते. तेवढी किंमत ती घेते.

मग ते मुलांना विचारत की पंखाच्या कुठल्या बाजूचं काम जास्त. सगळे म्हणत, वरच्या. वरून दाबतं ना. ते खूश होत. दरवर्षी सगळे चुकतात यात त्यांना आनंद होता. "वरची बाजू फोटोसाठी असते," ते म्हणत. "काम खालची करते." पंखाच्या खालून हवा वेगाने निघते, तिथला दाब घटतो आणि पंख खाली ओढला जातो. म्हणून खालच्या बाजूवरचा एक ओरखडाही महाग पडतो, वरच्या बाजूवर स्टिकर लावलं तरी फारसं बिघडत नाही.

हे पटवायला ते सगळ्या वर्गाला वर स्वयंपाकघरात नेत. नळ सोडायचा, चमचा दांड्याच्या टोकाला सैल धरायचा आणि त्याची फुगीर पाठ धारेला लावायची. पाणी चमच्याला ढकलेल असं वाटतं. होतं उलट, चमचा धारेत ओढला जातो. मुलं पाळीपाळीने करून बघत आणि काकू दारात उभ्या राहून नळाकडे बघत.

त्या वर्षी एका मुलीने दोन सेकंद चमचा धरला आणि नळ बंद केला. "कळलं सर," ती म्हणाली. सर म्हणाले, बाकीच्यांना बघू दे. ती म्हणाली, "बादलीत बुडवून दाखवता येईल का बघा ना. आमच्या दिवा गावात एवढ्या पाण्यासाठी भांडणं होतात." बादलीत ते दाखवता येत नाही, हे सरांनी तिला सविस्तर समजावलं, आणि पुढच्या बॅचपासून नळाखाली पातेलं ठेवलं. मुलीचं नाव सायली. काकूंनी तिला पहिल्याच दिवशी जेवायला थांबवून घेतलं.

माणसांना ते गाड्यांच्या जातीत बसवत. काकूंचे भाऊ म्हणजे सरळ रेषेत पळणारी गाडी: मागे एक मोठा पंख, तो फक्त मागची चाकं दाबून धरायला, आणि वळण्याचा विचारच नाही. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे लांब पल्ल्याची, चाकं झाकलेली रुंद गाडी. सगळा दाब तळाच्या पाटीखालून, त्यामुळे शांत आणि स्थिर, पण एखाद्या उंचवट्यावर नाक जरा वर झालं की तीच पाटी पतंग होते आणि गाडी उलटी. सेक्रेटरी वार्षिक सभेत असे उलटताना मी पाहिलेले आहेत. स्वतःला ते डोंगरी चढाच्या शर्यतीतली गाडी समजत. तिथली वळणं इतकी हळू असतात की थोडाफार दाब मिळवायला पंख प्रचंड लावावे लागतात. "दिसायला हास्यास्पद," ते म्हणत, "पण इलाज नाही."

मी कोणती, असं एकदा विचारलं. त्यांनी फार वेळ घेतला नाही. "तुम्ही बंद छपराची गाडी. बाजारात मिळते तीच, शर्यतीसाठी थोडी सुधारलेली. पंख नावापुरता. टायर आणि स्प्रिंगवर वळते. वेग वाढला तरी स्वभाव बदलत नाही." ही स्तुती आहे का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "वर्गवारी आहे."

ते नेहमी बरोबर असत असं कुणी समजू नये. वादळाचा इशारा आला तेव्हा सोसायटीने गच्चीवर नवीन पत्रे घातले होते. सरांनी गच्चीच्या कडेला लोकर लावून तासभर पाहिलं आणि जाहीर केलं की छप्पर हा सरळसरळ पंख आहे, उडणार. सेक्रेटरींनी कंत्राटदाराला फोन लावला. तो म्हणाला, उडणार नाही. सरांनी कमिटीला इतकं घाबरवलं की रेतीच्या गोण्या चढवून पत्र्यांवर ठेवल्या गेल्या. वादळ बाजूने गेलं. पत्रे जागचे हलले नाहीत, पण गोण्या फाटल्या, रेती पन्हाळीत बसली, आणि साचलेलं पाणी तिसऱ्या मजल्यावर देवघरात उतरलं. सेक्रेटरी पुढचे कितीतरी दिवस जिन्यात विचारत, "काय सर, आज हवा कशी आहे?" सर थांबून खरोखर सांगत. टोमणा त्यांना लागत नसे. आपलं गणित कुठे चुकलं ते मात्र त्यांनी शोधून काढलं आणि कंत्राटदाराच्या घरी जाऊन त्याला सांगितलं. पत्र्यांच्या खालची हवा बाहेर पडायला जिन्याकडून वाट होती, ती त्यांनी धरलीच नव्हती. कंत्राटदाराला यातलं काही कळलं नाही. त्याने चहा दिला.

सायलीच्या कॉलेजची एक टीम होती. देशभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची मुलं स्वतः एक लहान उघडी शर्यतीची गाडी बांधतात आणि एकमेकांविरुद्ध उतरवतात, तशा स्पर्धेसाठी. पुढे पंख, मागे पंख, मध्ये एक माणूस कसाबसा बसेल एवढी जागा. सायलीने तीन वर्षं त्या टीममध्ये पंखांची कामं केली होती आणि शेवटच्या वर्षी लांब फेऱ्यांच्या शर्यतीसाठी चालक म्हणून तिची निवड झाली होती. चाचणीत तीच सगळ्यात वेगवान निघाली होती. तन्मय कॅप्टन होता. सरळ रेषेतला वेग आणि छोट्या गोलातलं वळण या दोन प्रकारांत तो चालवणार होता. कॉलेजच्या परवानगीने सरांना मार्गदर्शक म्हणून घेतलं होतं. मी दोन-तीनदा रविवारी त्यांच्याबरोबर गेलो. बातमी होईल असं वाटलं होतं. झाली नाही.

सरावाची जागा ठाण्याला कोलशेतमध्ये होती. एका बंद पडलेल्या कारखान्याचं आवार, आत रुंद काँक्रीटचे रस्ते, मधोमध जुनं गोदाम. मालकांची परवानगी रविवारी सकाळपुरती. मुलांनी टायर आणि प्लास्टिकचे शंकू मांडून वाट आखली होती. तिच्यात बाकी सगळी वळणं आखूड आणि हळू होती. एकच लांब वळण गोदामाला वळसा घालून वेगात घ्यायचं होतं. सर त्याला 'खरं वळण' म्हणत. बाकीची टायरची वळणं, हे हवेचं. असल्या वळणाचा स्वभाव विचित्र असतो, ते मला म्हणाले होते. हळू गेलं तर पंखांना हवा मिळत नाही, दाब येत नाही, पकड सुटू शकते. वेगात गेलं तर दाब येतो आणि गाडी चिकटते. घाबरणाऱ्याला घाबरण्याचं कारण ते वळण स्वतःच पुरवतं.

पहिल्याच मोठ्या सरावात सायलीची गाडी तिथे फिरली. शेपूट बाहेर गेलं, गाडी दोनदा गरगरली आणि गोदामाच्या भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली. तिला काही झालं नाही. ती उतरली, मागचा पंख एक खूण जास्त कलता करा म्हणाली आणि पाणी प्यायली. सर मात्र बराच वेळ भिंत आणि गाडी यांच्यामध्ये उभे होते. त्या दिवशी परतल्यावर ते घरी न जाता थेट क्लासमध्ये जाऊन बसले. काकूंनी मला विचारलं, काय झालं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या मुलीचा साधा रस्ता ओलांडतानासुद्धा हात धरून ठेवायचे हे. आता कागदावर आकडे मांडून दुसऱ्याच्या पोरी पळवतात."

त्यानंतरच्या रविवारी गाडी नीट होती. त्याच्या पुढच्या रविवारी खऱ्या वळणावर जरा मंद वाटली. मग आणखी मंद. हळू वळणांत सायली पूर्वीइतकीच वेगवान होती. लांब वळणात मात्र दर रविवारी वेळ वाढत होती. ती सांगे की तोंड वळत नाही, स्टिअरिंग जास्त फिरवावं लागतं, तरी गाडी बाहेरच्या बाजूला सरकते. मुलांनी पुढचा पंख मोजला, कोन तपासले, टायर बदलले. काही सापडलं नाही. अॅक्सिलरेटर किती दाबला जातो ते नोंदवणारा सेन्सर बिघडलेला होता आणि नवा यायचा होता, त्यामुळे तिचं म्हणणं खरं की खोटं हे ठरवायला घड्याळाशिवाय काही नव्हतं. घड्याळ तिच्याविरुद्ध होतं.

टीममध्ये कुजबुज सुरू झाली. ती फिरल्यापासून घाबरली आहे, वळणात अॅक्सिलरेटरवरचा पाय सोडते, आणि दोष गाडीला देते. एकाने 'दिवा लोकल, स्लो ट्रॅक' असा मेसेज ग्रुपवर टाकला आणि मग काढून टाकला. सायलीने तो वाचला होता.

तन्मय वाईट मुलगा नव्हता. त्याने रीतसर मार्ग काढला: आपण स्वतः त्याच वळणावर चालवून बघतो. त्याने चालवलं. गाडी छान वळली. त्याची वेळ सायलीच्या त्या दिवशीच्या वेळेइतकीच आली, आणि तो तर लांब फेऱ्यांचा चालकही नव्हता. उतरून तो म्हणाला, "गाडीला काही नाही झालेलं, यार." स्पर्धेसाठी चालकाचं नाव त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. तिच्यासाठी हे शेवटचं वर्ष होतं.

सर टायरच्या ढिगावर बसले होते. त्यांना ते उत्तर पटलेलं नव्हतं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, बहुधा स्वतःलाच. तन्मय वळणाआधीच हळू होतो, मग वळण नीट घेतो. सायली वेगात शिरते आणि वळणाच्या आत वेळ घालवते. दोघांची बेरीज सारखी येते, पण दोघं एकच गाडी चालवत नाहीत. शिवाय तिने घाबरून पाय सोडला असता तर गाडीचं वजन पुढच्या चाकांवर आलं असतं आणि तोंड आत वळलं असतं. तोंड बाहेर जातंय, म्हणजे पाय दाबलेला आहे. मग पुढचा दाब जातो कुठे? तोही फक्त वेगात, आणि दर रविवारी थोडा जास्त.

त्यांनी तन्मयला सांगितलं की सायलीला आणखी एकदा सोड. मग खांद्यावरचा पंचा वळणाच्या आतल्या बाजूला, टायरच्या दुहेरी भिंतीमागे जमिनीवर पसरला आणि ते पालथे झोपले. दोन टायरमधल्या फटीतून त्यांना गाडीचं पोट दिसत होतं. मी शेजारी उकिडवा बसलो. पहिली फेरी तिने सावकाश घेतली. दुसऱ्या फेरीला ती पूर्ण वेगात आली. गाडी समोरून गेली, तोंड बाहेर सरकत गेलं, शंकू उडाला. सर उठले नाहीत. तिसरी फेरीही त्यांनी तशीच पाहिली. मग उठून बसले. शर्टाला धूळ लागली होती, ती त्यांनी झटकली नाही.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"लिंबू," ते म्हणाले.

गाडी फिरली त्याच्या पुढच्या रविवारी, मुलं चहाला गेलेली असताना, सरांनी गाडीच्या नाकाखाली ओढायच्या हुकाला लिंबू-मिरची बांधली होती. शनिवारी सिग्नलला विकत घेतलेली. त्यांच्या स्वतःच्या दाराला असलं काही नव्हतं, गृहप्रवेशालासुद्धा सासूबाईंशी त्यांचं यावरून वाजलं होतं, हे मला काकूंकडून कळलेलं होतं. बांधतानाही त्यांनी विचार केला होता. हुक पंखाच्या पुढे आहे, लिंबू सरळ खाली लोंबतं, पंखाला लागत नाही. उभ्या गाडीत ते खरं होतं. मुलांनी तो काळा दोरा पाहिलाही असेल. पण प्रत्येक गाडीला असतो, म्हणून तो कुणाला दिसला नाही.

ताजं लिंबू जड असतं. ते लोंबत राहिलं. मग उन्हात गाडी उभी राहून ते सुकत गेलं, मिरच्या वाळून कागदासारख्या झाल्या. हलकं झालेलं ते सगळं वेगात मागे उडू लागलं आणि पुढच्या पंखाच्या बरोबर खाली, हवा सगळ्यात जोराने निघते त्या अरुंद फटीत जाऊन बसू लागलं. हळू वळणात ते खाली लोंबे. तन्मयच्या वेगातही बहुतेक लोंबत राहिलं. सायलीच्या वेगात ते उडे, पुढचा दाब मोडे, मागचा पंख मात्र आपलं काम चोख करत राही. गाडीचं तोंड हलकं आणि शेपूट जड, म्हणून ती वळत नव्हती.

हे सगळं त्यांनी मला तिथे जमिनीवर बसून सांगितलं. मग खिशातून नेलकटर काढलं आणि गाडीकडे निघाले. सायली हेल्मेट काढून बसून होती, बाकीची मुलं तन्मयभोवती लांब उभी होती. सर गुडघ्यावर बसले, दोरा हातात घेतला. एक कट, आणि संपलं असतं. लिंबू खिशात गेलं असतं, गाडी पुन्हा वळली असती आणि कुणालाही काही सांगावं लागलं नसतं.

त्यांनी दोरा कापला नाही. खालून सायलीला विचारलं, मोठ्या वळणात स्टिअरिंग किती फिरवतेस. तिने हवेत हात धरून दाखवलं. बरंच फिरवत होती. सर त्या हातांकडे बघत राहिले.

इतक्या रविवारी तिचे हात बिघडलेली गाडी शिकले होते. पुढचा दाब परत आल्यावर तिने सवयीने तेवढंच स्टिअरिंग फिरवलं असतं तर तोंड झटकन आत गेलं असतं आणि शेपूट सुटलं असतं. त्याच वेगात, त्याच भिंतीपाशी. गुपचूप दुरुस्त केलेली गाडी तिच्यासाठी बिघडलेल्या गाडीपेक्षा धोक्याची होती.

त्यांनी सगळ्यांना बोलावलं. दोरा हातात तसाच होता.

"गाडीत दोष आहे. हा आहे," ते म्हणाले. "आणि हे मी बांधलंय."

मग तन्मय म्हणाला, "सर, तुम्ही? लिंबू-मिरची?"

"हो. मी घाबरलो होतो. ती नव्हती घाबरली."

मागून कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. सरांनी त्यांना हसू दिलं. मग लिंबू कसं आणि कुठे उडतं, ते क्लासमध्ये सांगावं तसं सांगितलं. मुलं खाली वाकून पंखाची खालची बाजू बघू लागली. तिथे लिंबू घासल्याचा एक फिकट पट्टा होता. तो कितीतरी दिवस तिथेच होता.

सायली हसली नव्हती. ती म्हणाली, "सर, दर शनिवारी बदलतात ती. आमच्याकडे रिक्षावाले पण बदलतात."

सरांनी यावर विचार केला. "बदलली असती तर ओली राहिली असती," ते म्हणाले. "जड राहिली असती. उडाली नसती. बरोबर आहे तुझं."

तेव्हा ती हसली, थोडीशी, आणि विचारलं, "आता किती फिरवू?"

"आकडा देता येईल मला. पण तो आकडाच असेल. पहिली फेरी हळू घे. दुसरी थोडी वेगात. स्टिअरिंग अर्ध्याहून कमी फिरव, आणि तोंड तुझं ऐकायला लागलं की हाताला समजेल. नाही समजलं तर परत ये. आज नाही केलंस तरी चालेल."

"चालेल कसं," सायली म्हणाली, आणि हेल्मेट घातलं.

तन्मयने नेलकटर घेऊन दोरा कापला. मुलं वळणाच्या बाहेर, लांब कठड्यामागे रांगेत उभी राहिली. पहिली फेरी ती रमत गेल्यासारखी गेली. दुसरीत गाडीचं नाक पटकन आत आलं, एकदा लचकलं, तिने सावरलं. तिसऱ्या फेरीला ती गोदामामागून आली तेव्हा आवाजावरूनच कळत होतं की या वेळी ती पूर्ण वेगात जाणार आहे.

सगळे वळणाकडे बघत होते. सर बघत नव्हते. ते पाठ फिरवून आवाराच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते, हात मागे बांधलेले, मान खाली. गाडी वळणात शिरली. आवाज खाली यायला हवा होता तिथे तो आला नाही. तो तसाच चढत गेला, गोदामाच्या भिंतीवरून परतला, आणि पलीकडच्या सरळ रस्त्यावर निघून गेला.

"पाय सोडला नाही तिने," सर भिंतीला म्हणाले.

मी तन्मयकडे पाहिलं. हातातल्या घड्याळाचं बटण त्याने दाबलंच नव्हतं, आकडा शून्यावर होता. त्यानेही तो पाहिला. मग घड्याळ खिशात टाकून त्याने फोन काढला आणि कुणी विचारलं नसताना म्हणाला, "तिचंच नाव पाठवतोय."